एलीहियाबाईंनी कापायला सांगितलेली कड

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. माझा मेहुणा डेर्लिस बडबड्या आहे, पण थापाड्या नाही. चार वर्षांपूर्वी, जुलैत, म्हणजे तिकडच्या थंडीत, भर दुपारी त्याच्या एन्कार्नासिओनच्या दुकानात हे घडलं.

डेर्लिस जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतो. त्या दिवशी शेजारच्या एलीहियाबाई आल्या. हातात मुलीच्या, निमियाच्या, पंधराव्या वाढदिवसाची कॅसेट.

तिकडे त्या समारंभात पहिला वॉल्ट्झ मुलीनं बापाबरोबर नाचायचा असतो. बाप ब्यूनोस आयर्सला बांधकामावर होता. येतो म्हणाला, आला नाही. मामानं त्याच्या जागी नाचून वेळ निभावून नेली. पण नाच संपल्यावर निमिया म्हणाली, पप्पा कडेला उभे होते.

आईनं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली.

आठवड्यानं निरोप आला... बाप समारंभाच्या आधीच परांचीवरून पडून मेला होता.

तरी पोरीनं हेका सोडला नाही. पुढे ती स्पेनला गेली आणि आईशी बोलणंच टाकलं.

"तिला पाठवते ही," बाई म्हणाल्या. "बघ म्हणावं, कुठे आहे तुझा बाप."

घरच्या टीव्हीवर त्यांनी ती कॅसेट कितीदा तरी पाहिली होती. पण जुना डबा टीव्ही चित्राच्या कडा झाकायचा. कॉम्प्युटरवर पूर्ण चित्र येतं, काळ्या किनारीसकट. गिऱ्हाइकं कुरकुरतात, म्हणून डेर्लिस त्या कडा कापून टाकतो.

वॉल्ट्झ सुरू झाला. हार्प वाजत होती.

मग आवाज गेला...

चित्राच्या अगदी उजव्या कडेला... एक बाही. सिमेंटनं माखलेली.

मग खांदा. मग चेहरा.

बाईंच्या हातातलं माते, तिकडचं चहासारखं पेय, तसंच राहिलं.

"काप," त्या म्हणाल्या.

त्यानं कड कापली. चित्र पुन्हा चालवलं.

तो नव्या कडेला उभा होता.

"आणखी."

प्रत्येक वेळी तो आत सरकत होता. शेवटी मामा चित्राबाहेर गेला. उरली निमिया... आणि तिच्या कमरेवर तो माखलेला हात.

ती हसत होती. टीव्हीवर त्या नाचात ती कधीच हसली नव्हती.

"मावशी, आता कापलं तर निमिया जाईल."

बाई बघत राहिल्या. आता तरी पोरीला फोन लावतील, असं डेर्लिसला वाटलं.

"इतकी वर्षं तिला खोटारडी म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "आता कुठल्या तोंडानं बोलू? तिलाही काप."

त्यानं नाही म्हटलं. बाईंनी कॅसेट काढून घेतली, फीत ओढून तोडली आणि निघून गेल्या.

न कापलेली फाइल डेर्लिसकडे होती. निमियाला पाठवावी, म्हणून त्यानं ती दुसऱ्या दिवशी उघडली.

हार्प वाजत होती. मामा हात पुढे करून एकटाच गोल फिरत होता.

बाप नव्हता.

निमियाही नव्हती...

स्पेनला फोन लावायचं धाडस त्याचं अजून झालेलं नाही. एलीहियाबाईंनाही गेल्या चार वर्षांत तिची काहीच खबर नाही.