मागे वळून बघणारी

एक होती नवी, एक होत्या मोठ्या सिस्टर, एक होत्या वॉर्डातल्या मावशी, आणि एक होतं बाळ, ओंजळीत मावेल एवढंसं.

नवी नुकतीच नर्स झालेली. गणवेश अंगावर चढला होता, पण नर्सपण काही अंगात मुरलं नव्हतं. कुणी "सिस्टर!" म्हणून हाक मारली की ती चटकन मागे वळायची. बिचारीला वाटायचं, खरी सिस्टर मागे उभी असेल. मावशी पोट धरधरून हसायच्या. "अगं बये, मागे भिंत आहे! भिंत सलाईन लावणार का आता?"

बाळ वेळेआधीच आलेलं. काचेच्या पेटीत ऊब घेत निजायचं, आणि त्याची आई दाराबाहेर बाकावर. बाळांच्या आयांनी आत यायचं नाही, हा मोठ्या सिस्टरांचा नियम. नवीनं एकदा चाचरत सांगून पाहिलं, "सिस्टर, आम्हाला शिकवलंय... अशी बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवून संशोधन झालंय. ऊब टिकते. जास्त बाळं वाचतात."

"इथं तू शिकायला आलीस की शिकवायला?"

झालं, विषय संपला.

मग एके दुपारी आभाळ असं दाटून आलं की वॉर्डात भरदिवसा अंधार. वीज गेली. जनरेटर जरासा गुरगुरला आणि गप्प बसला. डॉक्टर पलीकडच्या इमारतीत. मोठ्या सिस्टर जनरेटरवाल्याला शोधायला धावल्या, मावशी गरम पाण्याला. नवी एकटी उरली. पेटी निवत चालली. तिनं बाळाचे पाय हातात घेतले, तर गार. रडणंसुद्धा थांबलेलं. काय करायला हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण जीभ उचलेना. आपण कोण सांगणार?

तेवढ्यात बाहेरचा पाऊस ऐकू येईनासा झाला. सगळेच आवाज कुणीतरी हातानं निपटून काढावेत तसे गेले. फिनेलच्या वासात दुसराच वास मिसळला, तान्ह्याच्या टाळूचा. आणि अगदी मऊ हाक आली...

"सिस्टर..."

नवी सवयीनं मागे वळली.

या खेपेला मागे नुसती भिंत नव्हती. भिंतीपुढे एक बाई उभी होती. जुन्या घडीची कडक पांढरी टोपी, आणि दोन्ही हात छातीशी असे धरलेले, जणू त्यांत कुणी निजलंय. नवीला खरं तर घाबरायला हवं होतं. पण मध्यरात्री चांदण्यांनी भरलेल्या आभाळाखाली उभं राहिलं की आपण इवलेसे होतो ना, तशी ती झाली. डोळे भरून आले.

"तुम्ही... मला हाक मारलीत?"

बाईनं फक्त दाराकडे मान वळवली. दाराच्या काचेला कपाळ टेकून बाळाची आई उभी होती.

"आई, आत या!" नवी म्हणाली. आपलाच आवाज तिला ओळखू येईना.

बाळाच्या डोक्याला टोपडं, आईच्या उघड्या छातीवर बाळ, वरून चादर. आई त्याला हात लावायला धजेना. "मोडेल हो ते..."

"मोडत नाही. धरा नीट. तोंड एका बाजूला असू द्या."

हळूहळू पाय कोमट झाले. मग चादरीतून मांजराच्या पिल्लासारखं एक चिरकणं आलं.

मोठ्या सिस्टर टॉर्च घेऊन परतल्या. "हिला आत कुणी घेतलं?"

नवीनं मागे पाहिलं नाही. "मी घेतलं. मी सिस्टर आहे इथली."

मोठ्या सिस्टरांनी बाळाच्या पायाला हात लावला. बराच वेळ लावूनच ठेवला. "चादर वर ओढ," त्या हळूच म्हणाल्या, "वारा लागतोय त्याला."

नंतर नवीनं मोठ्या सिस्टरांना टोपीवालीचं विचारलं, तेव्हा त्या थबकल्या. "टोपी? त्या टोप्या माझ्याही आधी बंद झाल्या, पोरी."

तो बाक पुढे आतच आला आणि बाळांच्या आयाही आत आल्या. ओंजळीतलं बाळ गुटगुटीत होऊन आता आईच्या कडेवर मिरवत येतं.

"सिस्टरला टाटा कर," आई म्हणते.

ते नवीला टाटा करतं. मग तिच्या खांद्यावरून मागे बघतं, खुदकन हसतं, आणि आणखी एकदा हात हलवतं.

नवी काही वळत नाही.