दुसरी ओढ लांब होती

भुताखेतांच्या गोष्टी सांगायची मला हौस नाही. असल्या गप्पांना मी आयुष्यभर नाक मुरडलं. पण ही गोष्ट माझ्या दोन हातांत घडलेली आहे. सून सुगंधा फोनवर लिहून घेतेय, तिला आधीच बजावलंय, मध्ये बोलायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही.

सन बासष्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. गाव आचरा.

वेळ रात्रीची नव्हती. टळटळीत दुपार होती.

माझे मालक आणि थोरले दीर शंकर भावजी, दोघे झाडं तोडायचं काम करायचे. घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या, वठलेली झाडं पाडायची. भावजी वर चढायचे. हे खाली दोर धरायचे. ह्यांचं नाव गंगाराम. कधी घेत नाही, पण आज घेतलं, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा.

दोर काथ्याचा, मनगटाएवढा. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला. दोर वरच्या जाड फांदीवरून घेऊन दुसरं टोक खाली. खालच्याने स्वतःच्या कमरेला एक वेढा घ्यायचा आणि धरून उभं राहायचं.

वरच्याला हाक मारायची नाही, हा नियम. हाक ऐकली की माणूस खाली बघतो, आणि तोल जातो.

म्हणून सगळं बोलणं दोरावर. एक ओढ म्हणजे सैल सोड. दोन म्हणजे घट्ट धर. तीन म्हणजे मी खाली येतोय, हळूहळू सोड.

आदल्या वर्षी गावातल्या आनंदीबाईंच्या घरामागच्या रायवळ आंब्यावर भावजी चढले होते. फांदी बरोबर कौलांवर आली होती. अर्धी तोडून झाली, आणि भावजी पडले. जागच्या जागी गेले.

लोक म्हणाले, पाय घसरला.

खरं काय ते ह्यांनी फक्त मला सांगितलं. भावजींनी दोन ओढी दिल्या होत्या. ह्यांचं लक्ष विडी पेटवण्यात. ह्यांना एकच कळली.

ह्यांनी दोर सैल सोडला.

वर्षभर हा माणूस पानावर बसून नुसता भात चिवडायचा. त्यात आनंदीबाईंचा निरोप आला, पावसाआधी ती फांदी काढा, नाहीतर घरावर येईल. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलवू देत. तर म्हणाले, "अर्धी तोडलेली फांदी दुसऱ्याच्या हातात देवची नाय. ती आमची आसा."

दोर धरायला कोणी तयार होईना. मग मी गेले. बावीस वर्षांची होते, अंगात बळ होतं. आणि खरं सांगते, भीती वाटत होती. ह्यांना काही झालं तर मला दुसरं कोण होतं?

हे वर चढले आणि पानांत दिसेनासे झाले.

कुऱ्हाडीचा आवाज सुरू झाला. ठक... ठक... ठक...

थोड्या वेळाने दोराला दोन ओढी आल्या. मी घट्ट धरला.

पुन्हा दोन.

पुन्हा दोन...

पहिली झटक्याची, दुसरी लांब. मनात म्हटलं, ह्यांची ओढ अशी कधीपासून झाली? घरी ओसरीवर सराव केला तेव्हा तर दोन्ही सारख्या होत्या. पण हाक मारायची नाही ना! मी दात आवळून धरून राहिले. तळहात सोलून निघाले. एकदाही सैल सोडला नाही.

आणि मागून कुणीतरी माझ्यावर खेकसलं.

"खंय लक्ष आसा तुजा? तीनदा ओढलंय. तरी दोर सोडलंस नाय!"

मी वळले.

हे माझ्या मागे उभे होते. घामाने निथळत, कुऱ्हाड कमरेला खोचलेली. मी दाद देईना म्हणून कमरेची गाठ सोडून, मागच्या बाजूच्या फांदीवरून कुंपणाच्या दगडी गडग्यावर उतरले होते.

तीन ओढी? माझ्यापर्यंत एकदाही आल्या नव्हत्या.

आणि दोराला वजन होतं.

वर आवाज चालूच होता... ठक... ठक...

ह्यांनी मान वर केली. तेवढ्यात दोराला पुन्हा ओढ बसली. एक झटक्याची... एक लांब.

ह्यांनी दोराला हात लावला आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "ह्यो दादाचो हात," म्हणाले.

माझ्या कमरेचा वेढा काढून त्यांनी स्वतःच्या कमरेला घेतला. मी नको नको म्हणत होते. ऐकतात कसले!

वरचा आवाज थांबला.

काहीतरी कडाडलं. फांदी आली. कौलांना धक्का न लावता मोकळ्या परसात पडली.

मग दोराला...

एक. दोन. तीन.

"उतर दादा," हे म्हणाले, "आता तुका सोडूचंय नाय." आणि हळूहळू दोर द्यायला लागले. वरून वजन यायला लागलं. पानं हलत होती. त्यांत काही दिसत नव्हतं.

माझं लक्ष ह्यांच्या पायांकडे गेलं.

टाचा उचलल्या होत्या. मग बोटंही. वीतभर. ह्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि ह्यांना त्याची शुद्धच नव्हती.

झाडाच्या बुंध्याशी कोयता होता. मी तो उचलला आणि ह्यांच्या डोक्यावर ताणलेला दोर एका घावात तोडला.

हे धपकन खाली पडले. वरून मात्र काही पडल्याचा आवाज आला नाही.

फक्त दोर आला, वेटोळं होऊन. त्याच्या टोकाला कमरेची गाठ होती. ह्यांनी वर सोडलेली. आता पुन्हा घट्ट बांधलेली होती.

त्यानंतर हे कधी झाडावर चढले नाहीत. तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाले, "दादाक काम पुरा करून खाली येवचा होता. एकदा मी सोडलंय, एकदा तू तोडलंस."

हे गेले तोपर्यंत आम्ही तो विषय काढला नाही.

पण मला अजून कळत नाही. भावजी खाली येत होते, की ह्यांना वर नेत होते? दोर एकच, एक टोक खाली आलं की दुसरं वर जाणारच. मी नवरा वाचवला, की दिराला दुसऱ्यांदा मारलं? माझं वय आता चौऱ्याऐंशी. सांगणारं कोणी उरलं नाही.

परवा सुगंधाने मागल्या दारी कपडे वाळत घालायला नवी दोरी आणली. एक टोक माडाला बांधलं, दुसरं माझ्या हातात देऊन खिळा आणायला आत गेली.

दोरीला ओढ बसली.

एक झटक्याची...

एक लांब.

सुगंधा म्हणते, वारा असेल. असेलही. पण तिने किती विनवलं तरी मी दोरी सोडली नाही. दिवेलागणीपर्यंत धरून बसले होते, तीन ओढींची वाट बघत.