बाटलीवरची शेवटची रेघ

चैत्रातलं ऊन तमिळ मुलखातल्या नाचियारकोविलच्या रस्त्यावर सांडलं होतं. पितळेच्या समया घासणाऱ्यांच्या कानशी दूरवर कुरकुरत होत्या. अंबाबाईंच्या पाणपोईत मात्र वाळ्याचा गार वास भरून राहिला होता. दर उन्हाळ्यात अंबाबाई दारासमोर झावळ्यांचा मांडव घालत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी नि ताक देत. रविवारी त्यांची भाची हरिणी हाताशी असे. एरवी ती आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात काम करी. कोणत्या खाचराला पाणी कधी द्यायचं, किती द्यायचं, हे बघायचं तिचं काम.

त्या रविवारी एक सायकल मांडवाच्या खांबाला येऊन टेकली. टेकली कसली, धडकलीच! वरचा तरुण उतरला आणि तिथंच मटकन खाली बसला. ओठ कोरडे, कानशिलावर घामाच्या मिठाची पांढरी रेघ.

"काय झालं, अण्णा?" हरिणीनं तमिळमध्ये विचारलं, अनोळख्याला थोरला भाऊ म्हणावं तसं.

तो डोळे मिटूनच पुटपुटला, "पाणी द्या हो... पायांत गोळे आले."

हरिणीचा हात तांब्यावरच थांबला. घराबाहेर हे बोलणं? रस्त्यावर, बाजारात, कचेरीत सगळी तमिळ. मराठी ती उंबऱ्याच्या आतली, पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या मोजक्या घरांतली, चुलीपाशी आईशी बोलायची. ती आज अशी भर उन्हात, अनोळखी ओठांवर...

तिनं ताकात चिमूटभर मीठ जास्तच टाकलं, आलं ठेचून घातलं आणि पेला पुढे केला. त्यानं मान मागे टाकली, पेला वर धरला आणि ओठ न लावता धार तोंडात सोडली. निम्मं ताक सदऱ्यावर सांडलं.

"तोंड लावून प्या की!"

"छे, उष्टं होतं."

हरिणीची नजर सायकलीवर गेली. दांडीला बाटली अडकवलेली, गळ्यापर्यंत भरलेली.

"ही शोभेला बाळगता?"

"चालत्या सायकलवर वरून धार सोडता येत नाही," तो ओशाळून म्हणाला. "आणि तोंड लावायला हात धजत नाही. आईनं लहानपणी फटके देऊन शिकवलंय. म्हणून घरी पोचल्यावरच पितो."

"बाटली तुमची, तोंड तुमचं. उष्टं होणार ते कुणाला?"

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"धान तहानलं की पान गुंडाळून घेतं," हरिणी दुसरा पेला भरत म्हणाली. "पान गुंडाळल्यावर पाणी दिलं, तर उशीर झालेला असतो. तहान लागायच्या आधी द्यावं. थोडं थोडं, वरचेवर."

"म्हणजे मी धान?"

"धान शहाणं असतं."

अंबाबाई आतून हसल्या. मग चौकशी झालीच. नाव विजयराघव. कुंभकोणमला चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. आणखी महिन्याभरानं एका दिवसात वेदारण्यमपर्यंत जाऊन परत यायचं, दोनशे किलोमीटर, म्हणून दर रविवारी सराव.

"पाणी न पिता दोनशे?" हरिणी म्हणाली. "आणा ती बाटली इकडे."

तिनं नखांचा लाल रंग आणला आणि बाटलीवर चार रेघा ओढल्या. "वीस मिनिटांत एक रेघ उतरली पाहिजे. चार उतरल्या की बाटली पुन्हा भरायची. लिंबू, मीठ, थोडा गूळ. खाचरातलं पाणी मोजायला पुरलेल्या नळीवर मी अशाच खुणा करते."

पुढच्या रविवारी तो आला तो आधी बाटली दाखवत. अडीच रेघा उतरलेल्या. त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्या.

"हात ऐकायला लागला वाटतं!"

"पहिला घोट घेताना आईचा फटका आठवतो. दुसऱ्याला तुमचा राग आठवतो. तो जास्त लागतो."

रविवार असे येत गेले. ताकाचा एक पेला प्यायला त्याला अर्धा तास लागू लागला. तो गेल्यावरही हरिणीला सायकलच्या घंटीचा भास होई. खाचरातलं पाणी मोजता मोजता नळीवरच्या खुणांत तिला तांबड्या रेघा दिसत. कधी 'तुम्ही' गळून 'तू' झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

शेवटच्या सरावाच्या दिवशी अंबाबाई सहज बोलून गेल्या, "येत्या शुक्रवारी चेन्नैचे लोक हिला बघायला येतायत."

विजयराघवनं पेला खाली ठेवला. "छान," तो म्हणाला आणि मान खाली घालून निघाला. ताक तसंच राहिलं.

छान! तो शब्द हरिणीच्या कानात तीन दिवस घुमत राहिला. तो मोठा पल्ला गाठून बुधवारी परतणार होता, दुकानाला सुट्टी होती म्हणून. नंतर दोनच दिवस. आणि वेदारण्यमहून कुंभकोणमला यायला मांडवावरून न जाणारा दुसरा रस्ताही होता. त्यानं तो धरला तर? तिनं विचारावं? पण काय म्हणून? डोळे तपासणाऱ्याला समोरचं दिसत नसेल, तर...

बुधवारी ती रजा घेऊन दुपारपासूनच मांडवात उभी राहिली. ऊन उतरलं. समयांवरचं सोनं मावळलं. खाचरांवरून ओला वारा आला... आणि त्या वाऱ्याबरोबर घंटी.

तो उतरला. धुळीनं माखलेला, पण ताठ. गोळा नाही, चक्कर नाही.

"सहा वेळा बाटली भरली," तो म्हणाला. "एकही रेघ चुकवली नाही. ही एक सोडून."

बाटलीच्या तळाशी शेवटच्या रेघेइतकं पाणी उरलं होतं.

"ही का ठेवलीस?" तिचा आवाज चढला. "तहान लागली नाही?"

"लागली ना. मागच्या रविवारीच लागली. 'छान' म्हणालो तेव्हा." त्यानं बाटली तिच्यापुढे केली. "तुझं ऐकायला हवं होतं. तहान लागायच्या आधीच मागायला पाहिजे होतं. उशीर... झालाय का, हरिणी?"

तिनं बाटली हातात घेतली. तीही जन्मभर वरूनच धार सोडून प्यायलेली. आज तिनं बाटलीला ओठ लावले, एक घोट घेतला... आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

आपल्यात एकमेकांचं उष्टं फक्त नवरा-बायकोच पितात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

विजयराघवनं हात पुसले. बाटली घेतली. मान मागे टाकली नाही, धार सोडली नाही. तिचे ओठ जिथं लागले होते तिथंच त्यानं ओठ टेकवले आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी संपवलं.

"एक मात्र," तो हळूच म्हणाला, "आता अण्णा म्हणायचं नाही."

हरिणी पदराआड हसली, तिचे डोळे भरून आले होते. आत अंबाबाईंनी हरिणीच्या वडिलांना फोन लावला.

"दादा," त्या म्हणाल्या, "चेन्नैच्या लोकांना येऊ नका म्हणून कळव. पोरीनं आपलं उष्टं पाणी दिलंय... आणि तो प्यायलाय."