खोड्यातला जामीन

चांदवळगडावर तांबडे फुटले, नगारखान्यात नौबत झडली आणि करवंदीच्या घाटात रात्रभर साचलेले धुके विरू लागले, तेव्हा बंदीखान्याचा जमादार रायाजी शेलार दरवाजावरच्या बुरुजात उभा राहून खाली पाहत होता. घाटाच्या पायथ्याला, कोकणातून मीठ घेऊन आलेल्या लमाणांच्या तांड्यात चुली पेटल्या होत्या. बाया, पोरे, बैल, सारा संसार आज घाट चढणार होता. त्याच वेळी पेठेतून निघालेले काही स्वार मळलेली सडक सोडून कारवीच्या रानात शिरताना रायाजीने पाहिले. पुढच्या पांढऱ्या घोड्यावर सुभानराव शिलेदार होता. सडक असताना काट्याकुट्यात घोडी घालणारा माणूस देवदर्शनाला निघालेला नसतो, एवढे कळायला रायाजीला कोणाला विचारावे लागले नाही.

करवंदीचा घाट सहा महिने माणसे खात होता. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तेथे कोणाच्या केसाला धक्का लागला नव्हता, कारण घाटाची राखण साबाजी नाईक आणि त्याचे भाऊबंद करीत. या घाटराख्यांना सरकारातून दमडी मिळत नसे. घाट चढून येणाऱ्या प्रत्येक बैलामागे गोणीतला एक पसा, धान्य असेल तर धान्याचा, मीठ असेल तर मिठाचा, त्यांनी आपल्या हाताने काढून घ्यावा, आणि त्या पशाच्या बदल्यात तांडा सुखरूप माथ्यावर पोचवावा, अशी चाल होती. व्यापारी स्वतःच गोणीचे तोंड सैल करून ठेवीत.

मग विसाजी नरहर कोतवाल होऊन आले. पंत लाच खात नसत, झोपही फारशी घेत नसत, आणि असा माणूस एखाद्या कल्पनेने झपाटला की त्याला आवरणे ब्रह्मदेवालाही जड जाते. "आज कणीस चोरतो तो उद्या गळा कापतो," ही पंतांची कल्पना. त्यांनी रात्री दारापुढे दिवा न लावणाऱ्याला धरले, सरकारी रानातली मोळी उचलणाऱ्या म्हातारीला धरले, बाजारात फासे टाकणाऱ्यांना धरले. खरे ते बोलावे, पेठ सुधारली. भाजीवाल्या पाटी उघडी टाकून पाण्याला जाऊ लागल्या, आणि लोकांनी पंतांना तोंड भरून दुवा दिला. पण पंतांची नजर पुढे घाटावर गेली. दुसऱ्याच्या गोणीत हात घालणे म्हणजे चोरीच, असा निवाडा त्यांनी दिला, आणि साबाजी नाईकासह सारे घाटराखे गडाच्या बंदीखान्यात लाकडी खोड्यात पाय घालून अडकवले.

घाट ओस पडला आणि मुडदे सापडू लागले. प्रत्येक मुडद्यागणिक पंत पेठेत आणखी कडक झाले, आणखी मोळ्या आणि आणखी फासे पकडू लागले. दुखणे पोटात आणि लेप पायाला, असा सारा कारभार चालला होता.

सदरेवर किल्लेदार हैबतराव ढमाले बसले होते, शेजारी विसाजीपंत. रायाजीने मुजरा केला.

"सरकार, घाटात आज कत्तल होणार. सुभानरावाचे स्वार कारवीत दबा धरून बसलेत, आणि तांडा चढणीला लागेल."

"सुभानराव?" पंत हसले. "जमादार, जिभेला आवर घाला. त्या गृहस्थाच्या दारचा दिवा एक रात्र विझलेला नाही. जकात मागण्याआधी भरतो. चावडीत त्याच्या नावाची एक तक्रार नाही. उलट भुरट्या चोरांविरुद्ध माझ्याकडे फिर्याद घेऊन पहिला तोच आला."

"होय पंत, कणीस त्यानं कधीच चोरलं नाही. ज्याला तांडा मारायचाय तो कणसाला हात कशाला लावील? दिवा लावतो, जकात भरतो, म्हणून तर तुमची पाठ त्याच्याकडं आणि तोंड मोळीवाल्या म्हातारीकडं!"

किल्लेदारांनी मिशीवरून हात फिरवला. माणूस वाईट नव्हता, पण कोणाच्या अधिकारात पाय घालायचा नाही या धोरणावर त्याची सारी उमर गेली होती.

"जमादार, निम्मी शिबंदी मोहिमेवर आहे. उरलेली घाटात उतरवली तर वाट सापडायच्या आत दुपार टळेल."

"वाटा जाणणारी माणसं सरकारच्याच बंदीखान्यात आहेत. साबाजी नाईकाला सोडा. चोरवाटेनं ते घटकाभरात खाली पोचतील."

"चोर सोडून चोर धरायचे?" पंत उठून उभे राहिले. "सरकार, एकदा बेडी सैल केली की माझ्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडलं. ही माणसं घाटात उतरली की जी पळतील ती पुन्हा दिसणार नाहीत!"

हैबतराव खाली पाहू लागले. "बंदीवान कोतवालांचे आहेत, जमादार. आमचा इलाज नाही."

रायाजीने पुन्हा मुजरा केला. या वेळी तो कमरेत फारसा वाकला नाही.

"इलाज माझ्याकडं आहे, सरकार. माझा हाजिर जामीन घ्या."

हाजिर जामीन म्हणजे माणसाच्या बदली माणूस. बंदीवान परत आला तर ठीक, नाहीतर त्याची शिक्षा जामिनाने भोगायची. पण बंदीवानाचे सगेसोयरे असा जामीन देत. बंदीखान्याच्या जमादाराने स्वतःच जामीन राहिल्याचे कोणी ऐकले नव्हते.

"हुकूम नसताना दार उघडलंत तर तो फितवा ठरेल," पंत गरजले. "फितव्याला कडेलोट आहे, ठाऊक आहे ना?"

"त्या कड्यावर पहारा मीच करतो, पंत. खोली मला ठाऊक आहे."

एवढे बोलून तो सदर उतरला. किल्लेदारांनी त्याला अडवण्याचा हुकूम दिला नाही, आणि जाऊ देण्याचाही दिला नाही. रायाजीने बंदीखान्याचे कुलूप काढले, खोड्याच्या खुंट्या उपटल्या आणि साबाजी नाईकाला उठवून उभे केले. नाईकाच्या घोट्यांना घट्टे पडले होते. त्याने सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "आन्‌ तुमी?"

"मी तुझ्या जागी बसतो. दरवाजा मिटायच्या आत ये."

"जमादार, तांड्यातली मानसं आमाला काय पसा देनार न्हाईत आता. पर घाट आमचा हाय." नाईकाने रायाजीच्या पायांना हात लावला. "जित्ता आसंन न्हाईतर मेल्याला, ह्यो साबाजी दिवस मावळायला हितं आसंल."

घाटराखे रायाजीने दिलेले भाले घेऊन तटाखालच्या वाटेने उतरले. रायाजीने खोडा माणसांकरवी सदरेसमोर आणवला, आपला उजवा पाय त्यात घातला आणि पंतांकडे पाहून म्हणाला, "खुंटी ठोका."

पंतांनी एका घावात ठोकली. त्यांना खरोखरच वाटत होते की आपण राज्य वाचवतो आहोत.

दुपारी घाटातून आरोळ्या ऐकू आल्या, मग काहीच ऐकू आले नाही. ऊन कलले. लमाणांचा तांडा वर आल्याची वार्ता पेठेतून आली, पण घाटराख्यांचा पत्ता नव्हता.

"तांडा वाचवला असेल," पंत म्हणाले, "पण ते गेले, जमादार. उघडं रान मिळाल्यावर खोड्यात कोण परत येतो?"

रायाजीला बायकोची आठवण झाली, आणि भीती वाटली. तरी तो म्हणाला, "न आले तर न आले. तांड्यातली पोरं जिवंत आहेत. माझी एक मान गेली तर सौदा महाग नाही."

सांजेची नौबत सुरू झाली. दरवाजाचे एक दार लागले. दुसरे ढकलायला पहारेकऱ्यांनी खांदा दिला, तेवढ्यात खालून हाक आली, "थांबाऽ! नाईक येतोय!"

नाईक आला तो चार जणांच्या खांद्यावर. सुभानरावाची तलवार त्याच्या मानेत बसली होती. मागे दोरखंडाने बांधलेला सुभानराव आणि त्याचे उरलेले स्वार होते, आणि जखमी, रक्ताने माखलेले सारे घाटराखे होते. मुडदा वाटेत ठेवून आले असते तर केव्हाच पोचले असते. पण नाईकाने मरताना बजावले होते.

त्यांनी तो देह खोड्याशेजारी ठेवला. साबाजीचा धाकटा भाऊ निंबाजी पुढे झाला. त्याने नाईकाचा घट्टे पडलेला पाय दोन्ही हातांनी उचलून खोड्याच्या लाकडावर ठेवला.

"जमादार, पाय काढा. ज्येचा पाय त्यो आला."

हैबतरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले. एक शिपाई खुंटी काढायला वाकला, तसा रायाजी कडाडला, "हात लावू नको! ज्यांनी ठोकली तेच काढतील. त्याशिवाय हा पाय निघायचा नाही."

विसाजीपंत पायऱ्या उतरले. खुंटी काढायची तर गुडघे टेकावे लागत होते, आणि समोर नाईकाचा मुडदा होता. पंतांनी गुडघे टेकले. सकाळी एका घावात बसलेली खुंटी आता त्यांच्या हाताने निघता निघेना.

सुभानरावाला पेठेत फाशी झाली. त्याच्या दारापुढचा दिवा त्या रात्रीही कोणीतरी लावला होता. पंत कोतवालीवर राहिले, आणि बाजार पहिल्यासारखाच नीट ठेवला. मात्र घाटराख्यांचा पसा त्यांनी स्वतःच्या सहीने परत बांधून दिला. किल्लेदारांनी रायाजीला खोड्यातून सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावले.

"जमादार, तुम्ही दोन गावं वसतील एवढी माणसं वाचवलीत. पण हुकूम मोडलात. माफी मागा, जमादारी तुमचीच आहे."

"साबाजी चोर म्हणून मेला, सरकार. त्याची माफी कोण मागतो ते आधी सांगा, मग माझी मागतो."

हैबतरावांनी पुढ्यातला कागद उचलून चाळायला घेतला. रायाजीने कमरेची किल्ली काढून सदरेवर ठेवली, मुजरा न करता वळला आणि गड उतरून गेला.