उंद्रीच्या खानेसुमारीचं हरवलेलं पान

खानेसुमारीच्या वहीतलं एक पान नाहीसं झालं, आणि जमादार उकंडराव उंद्रीच्या चावडीत पोचेपर्यंत गावानं चोर ठरवूनही टाकला होता. अब्दुल गनी पिंजारी खांबाला बांधलेला होता. त्याला चिखलीच्या कोठडीत न्यायला बैलगाडी जुंपून उभी होती.

एकतीस सालचा माघ सरत आला होता, आणि उकंडरावांच्या वाट्याला या मोजणीपायी आलेला हा चौथा तंटा. सरकार माणसं मोजायला निघालं आणि माणसं एकमेकांच्या उरावर बसली. त्यांना या सगळ्याचा वीट आला होता.

घोंगडीवर टेकून त्यांनी वही उघडली. पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. शिवणीत लोबानाची राख होती.

"लोबान म्हणजे दर्गा आणि दर्गा म्हणजे गनी," वामनराव मास्तर म्हणाले. मोजणी त्यांच्याकडे होती. गावात येऊन त्यांना दोनच महिने झाले होते. "मी त्याची भाषा उर्दू लिहिली, म्हणून परवा भांडला माझ्याशी."

"काऊन बे गनी?"

"घरात वऱ्हाडीच बोलतो, जमादारसाहेब. बायकोसंगं भांडतो तेबी वऱ्हाडीत. पण पान नाही चोरलं."

"वहीले कुंकू लावलं?"

"मी काऊन लावीन?"

"मास्तर, कुंकू तुमचं?"

"नाही. माझी वहीपूजा दसऱ्याला."

"गेलेल्या पानावर काय होतं?"

"दर्ग्याची गल्ली. गनीचं घर. पुढे निवृत्ती गाडीवान, हिंदू. त्याच्या परसातल्या खोलीत कय्यूम, मुसलमान. भाडेकरू असावा."

"त्याले इचारलं?"

"नावच सांगतंय की."

उकंडरावांनी डोळे चोळले. "नेमकं तेच पान चोराले कसं घावलं?"

"काल पाटलांना वाचून दाखवताना त्यावर शाई सांडली. मोठा डाग पडला."

"तवा इथं कोण होतं?"

"मी आणि पाटील. तिसरं कोणी नाही."

उकंडरावांनी चावडीभर नजर फिरवली. जमीन लख्ख झाडलेली होती.

"चावडी कोण झाडते?"

मास्तरांना आठवायला वेळ लागला. "गोजरबाई. पण ती..."

गोजरबाई दारातच उभी होती, हातात केरसुणी घेऊन.

"राख अन् कुंकू एकाच हाताचं," उकंडराव म्हणाले. "देव्हाऱ्यातलं कुंकू लावल्याबिगर कागदाले हात लावत नाही, अन् दर्ग्याचा लोबान चुकवत नाही, असं घर त्या गल्लीत एकच. मास्तर, तुम्ही नवे, मी हे गाव जुनं ओळखतो. कय्यूम भाडेकरू नाही, निवृत्तीचा सख्खा भाऊ, अन् गोजरबाई दोघांची माय. नवसाचं पोर. पीराले नवस बोलला की पोराले तिकडचं नाव ठेवतात आमच्यात. माह्या मावसभावाचं नाव फकीरराव. चोराले वाचता येत नव्हतं, वाचलेलं ऐकलं अन् डाग पाहून पान उचललं. अन् डाग पाह्यला तिसऱ्या माणसानं, ज्याले तुम्ही हिशोबात धरलंच नाही."

ते गोजरबाईकडे वळले.

"माय, काऊन केलं असं?"

"दोन पोरं, एक चूल," गोजरबाई म्हणाली. "मास्तरनं एक इकडं लिहिला, एक तिकडं. उद्या सरकारनं म्हटलं येगळे व्हा, तं मी कोणासंगं राहू?" तिनं ओच्यातून घडी काढली. "जाळलं नाही. सरस्वती आहे. पीराच्या उशाशी ठेवलं होतं, तूच निवाडा कर म्हटलं. गनीले धरलं ऐकलं, म्हणून आली. त्याले सोडा."

उकंडरावांनी स्वतः गनीच्या दोऱ्या सोडल्या. मनगटं चोळत गनी गोजरबाईजवळ जाऊन उभा राहिला.

"मी नवीन पान लिहितो," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "दारोदार विचारून."

उकंडरावांनी डागाळलेलं पान उलगडलं. निवृत्ती, रुख्मिणी, दोन लेकरं. खाली कय्यूम, एकटा. त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचलं, मग पान उलटून मागची बाजूही पाहिली.

"मास्तर, गोजरबाई कुठं आहे?"

"निवृत्तीच्या घरात... नाही, मला वाटलं होतं..." मास्तर पानावर तिचं नाव शोधू लागले.

उकंडरावांनी थकल्या हातानं दौत त्यांच्यापुढे सरकवली.

"तिच्यापासून सुरू करा."