मळलेल्या पानावरची सही

टॅम्सिन पेन्रिथ आली ती बसलीच नाही. तिनं लॅपटॉप इझोबेलच्या ओट्यावर उघडला. चार वाजता बैठक होती आणि तीत तिला नोकरीवरून काढणार होते.

सोळा तारखेला होबार्टच्या भरतीमापन संस्थेची वीज गेली आणि समुद्राच्या पातळीच्या काही नोंदी हरवल्या. खापर टॅम्सिनच्या पॅचवर, म्हणजे तिनं कोडमध्ये केलेल्या बदलावर, फुटलं. मेमरीतलं पान बदललं की त्यावर मळल्याची खूण करायची आणि पान डिस्कवर उतरवताना ती पुसायची, हे कर्नलमधलं, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यातलं, काम तिनं नव्यानं लिहिलं होतं.

इझोबेल गार्डनं तीस वर्षं लोकांचे पॅच तपासले होते. माणसांबद्दल तिचं मत त्यामुळे फारसं चांगलं उरलं नव्हतं.

"नेमक्या कुठल्या नोंदी गेल्या?"

"पान डिस्कवर लिहिलं जात असताना आलेल्या. तेवढ्याच."

वीज गेली तर नोंदी जायच्याच, असं शेजारी राहणारा कॉल्म शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री खाता खाता म्हणाला.

इझोबेलनं हा पॅच तपासणाऱ्या गॅरेथला फोन लावला. आधी खूण पुसायची, मग पान लिहायचं, हाच क्रम होता आणि तो पाहूनच तीन तारखेला सही केली, असं तो ठासून म्हणाला. मग विभागप्रमुख लॅखलनला. आपण कुणाच्या कोडला हात लावत नाही, सूचनाही देत नाही. सही दिसली, पॅच घेतला, एवढंच त्याचं म्हणणं.

"कॉल्म, पॅचखालची नावं वाच. आधी टॅम्सिननं पॅच पाठवला ती मेल."

"पाच तारीख. लेखन टॅम्सिन, तपासणी गॅरेथ, सूचना लॅखलन."

"आता संस्थेच्या दप्तरात याच पॅचची नोंद."

"लेखन टॅम्सिन, तपासणी गॅरेथ. शेवटचा बदल सतरा तारखेला. सारखंच आहे की."

"तू खा बाबा."

इझोबेल टॅम्सिनकडे वळली. "गॅरेथनं तीन तारखेला पाहिलं ते बरोबर होतं. तुझ्या पाच तारखेच्या मेलमध्ये क्रम उलटा आहे. आधी लिहायचं, मग खूण पुसायची. लिहिताना नवी नोंद आली, पान पुन्हा मळलं, आणि तू तीही खूण पुसलीस. यंत्राला पान स्वच्छ वाटलं, ते पुन्हा डिस्कवर उतरलं नाही आणि वीज जाताच ती नोंद गेली. क्रम बदलायला कुणी सांगितलं?"

"लॅखलननं, फोनवर. नीटनेटकं दिसेल म्हणाला."

"म्हणून रीतीप्रमाणे तू त्याचं नाव घातलंस. आपल्या धंद्यात स्वल्पविराम सुचवणाराही आपलं नाव सोडत नाही. दप्तर याच्याच हाती, यानं वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतःचंच खोडलं. पण पॅचची मेल यादीवरच्या हजारो लोकांकडे आहे, गाढवाला तेवढंही सुचलं नाही."

"म्हणजे मी सुटले?"

"नाही. बदललेल्या पॅचवर गॅरेथची तपासणीची जुनी सही तूच चिकटवलीस."

"सगळेच तसं करतात."

"म्हणूनच मला निवृत्त होऊनही निवांतपणा नाही."

टॅम्सिनला रडू आलं, पण तिनं लिहायला घेतलं. आधी स्वतःची चूक, मग लॅखलनची, खाली दुरुस्ती. यादीवरच्या सगळ्यांना पाठवलं. गॅरेथनं या वेळी तपासायला चाळीस मिनिटं लावली आणि मग सही केली.

चारला दहा कमी असताना संचालकांचा निरोप आला. बैठकीला लॅखलनला बोलावलं होतं. टॅम्सिननं उद्या नेहमीसारखं कामावर यायचं होतं.

तिनं निरोप दोनदा वाचला आणि मग खुर्ची ओढून बसली.