देवपुरातला कारागीर

दार उघडंच होतं. कोकिळाने उंबऱ्याबाहेर पिशवी ठेवली आणि आत डोकावली. ओल्या चुन्याचा गार वास आला. खोलीच्या मधोमध टेबल, टेबलावर स्टूल आणि स्टुलावर एक माणूस उभा. डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, नाकातोंडावर पंचा, बाकी सगळा चुनाच चुना.

"ओ भाऊ… साहेब कुठे गेलेत?"

माणूस दचकून वळला. हातातला कुंचा टपटप गळत राहिला.

"साहेब ना… येतील इतक्यात. आपण?"

"मी त्यांची…" पुढचं तिला म्हणवेना. लग्न उन्हाळ्यात झालेलं, पण नवरा अजून नवाच होता. तो धुळ्याच्या कचेरीत कारकून, इथे देवपुरात खोली घेऊन राहणारा. सुट्टीला साक्रीकडच्या घरी यायचा, तेव्हा ओसरीवर वडिलांसमोर, म्हणजे नानांसमोर, मान खाली घालून बसायचा. दिवसाउजेडी बायकोशी बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. कोकिळाची मानही पदराखाली. त्यामुळे नवऱ्याच्या तोंडापेक्षा त्याचे पायच तिने जास्त पाहिलेले.

आणि आत्ता ते पाय बरोबर तिच्या नजरेसमोर होते! उजव्या अंगठ्याचं ते वाकडं नख… सप्तपदीभर तिने त्याच्याकडेच तर पाहिलं होतं.

अगं बाई! नवऱ्यालाच भाऊ म्हणून बसले की!

कोकिळाने जीभ चावली. सांगून टाकावं, असं मनात आलं. पण गावी चार शब्द बोलताना घाम फुटणारा हा माणूस इथे मोकळा बोलत होता. तिला तो आवाज आवडला… फार आवडला. चालू दे, म्हणाली मनाशी.

"कारागीर, ही भिंत एवढी निळी कशी हो झाली?"

"नीळ जरा जास्त पडली. साहेबांचा हात सढळ आहे."

"म्हणजे कालवाकालव साहेबच करतात?"

"ते म्हणतात, घर जिच्यासाठी सजवायचं, तिच्यासाठी आपल्याच हाताने…" तो अडखळला. मग हळूच म्हणाला, "मघाशी भाऊ म्हणालात. आता एकदम कारागीर?"

कोकिळाचे कान तापले. "तुम्हाला… भाऊ म्हणवत नाही."

कागदी टोपीखाली डोळे हसले. आता दोघांनाही सगळं कळलं होतं. पण खेळ मोडायची घाई कोणालाच नव्हती. खेळात बोलता येत होतं ना!

तो खाली उतरला. कोपऱ्यातून नवा आरसा काढला. "हा बाईंसाठी आणलाय. पण किती उंचीवर ठोकायचा, ते साहेबांना ठाऊक नाही. तुम्ही जरा उभ्या राहता?"

ती आत येऊन भिंतीशी उभी राहिली. त्याने तिच्या भांगाच्या वर पेन्सिलीची रेघ ओढली, इतकी सावकाश, की एवढ्या वेळात निम्मी भिंत रंगवून झाली असती. त्याच्या मनगटावरून चुन्याचा एक थेंब तिच्या गालावर पडला. गार. तिने तो पुसला नाही. बाहेर कोणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते, पण तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ही खोली, हा वास, हा माणूस… सगळं आपलं आहे, एवढंच तिला वाटत होतं.

"साहेबांना काही निरोप?" त्याने विचारलं.

ती भानावर आली. "नाना शेतातला पंप दुरुस्त करून घ्यायला बाजारात गेलेत. संध्याकाळच्या गाडीने मला परत नेणार आहेत. घर बघायचं आणि परत फिरायचं. सासूबाई म्हणतात, संक्रांतीनंतर पाहू." ती भिंतीवरच्या रेघेकडे पाहत म्हणाली, "साहेबांना सांगा, मला राहायचंय. पण ते मी म्हणायचं नसतं… त्यांनी म्हणायचं असतं."

"साहेब नानांना फार भितात हो."

"ठाऊक आहे. तीच तर धास्ती आहे."

तेवढ्यात दारात जोडे वाजले. कोकिळाने पदर पुढे ओढला, त्याने तोंडावरचा पंचा खाली. सासरे आत आले आणि कमरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहत राहिले.

"काय रे हेमराज, हाई भिंत शे का धोतर? इतली नीळ? चाल वं बेटी, गाडीना टाईम व्हयना."

हेमराजने आतल्या दाराकडे बोट दाखवलं. "नाना… सैपाकघर बाकी शे आजून. एकलाले झेपत नही."

"मंग उखर्डूले धाडी देस. धाकला भाऊ कशाले शे? दोन दिनमा बठ्ठं घर रंगाडी टाकी."

संपलं! कोकिळा पिशवी घ्यायला दाराकडे वळली. डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून मान आणखी खाली घातली. ती उंबऱ्याशी पोहोचली…

"उखर्डू नको, नाना."

नाना थांबले.

"माले… माले हाईच पाहिजे."

इतकं मोठ्याने तो बापासमोर जन्मात बोलला नसेल. नानांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. तिच्या गालावरचा चुन्याचा ठिपकाही त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

"मंग हाई बोलाले इतला महिना लागनात का रे?" नानांच्या मिशा हलल्या. "ऱ्हाऊ दे तिले. पन तुन्ही मायले मी काय सांगू?"

हेमराज पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरू लागला. एवढं शौर्य त्याला एका दिवसाला पुष्कळ झालं होतं.

मग पदराआडून आवाज आला. सासऱ्यांसमोर आजवर कधीही न निघालेला.

"त्यास्ले सांगा नाना… दिवाळीले आम्ही दोन्ही येसूत."

हेमराजने मान वर केली आणि नानांच्या देखत, भर उजेडात, आपल्या बायकोकडे डोळे भरून पाहिलं.